मर्तिकाचा तंबू आणि अकरा पोरं

मापुत्सोए
रविवार, ९ मार्च २००३

प्रिय केनेलवे आत्याबाई,

नमस्कार. तुम्ही पाठवलेली वाळवलेली पीच आणि लोकरीची टोपी बसवाल्या न्ताते लेबोनांनी जपून आणून दिली. टोपी तेबेल्लोच्या नाकापर्यंत येते, पण काढू म्हटलं तर ती घर डोक्यावर घेते. काल जेवली तीही टोपी घालूनच. मक्याच्या पिठाच्या पापाचा निम्मा घास टोपीलाच गेला.

मी मजेत आहे. जीन्सच्या फॅक्टरीत आता मला मागचे खिसे लावायला बसवलंय. खिसा दिसतो सोपा, पण दोन्ही एका पातळीत आले नाहीत की अख्खी पँट परत येते. माझ्या फारशा येत नाहीत. तुमचा भाचा तेफो वेल्कमहून महिन्याअखेरीला आला होता. खाणीत काम आहे, पण कॉन्ट्रॅक्ट तीन-तीन महिन्यांचं, त्यामुळे त्याच्या पैशावर भरवसा ठेवून भाडं भरता येत नाही.

तुम्ही विचारलंत, दिवसभर पोरीला कोण बघतं. पलीकडच्या खोल्यांच्या ओळीतली मालेसेली बघते. एका खोलीत अकरा मुलं. बाई वाईट नाही, हात उचलत नाही. महिन्याचे ऐंशी मालोती घेते आणि पाचच्या पुढे तासाचे वेगळे. म्हणून पाचचा भोंगा झाला की आम्ही सगळ्या आया गेटातून धावत सुटतो. केळीवाल्या बायका आम्हाला बघून टोपल्या मागे ओढतात.

तुमची सून,
मातेबेल्लो

*

हा-मोखेले
२३ मार्च

मातेबेल्लो,

ऐंशी मालोती! आणि मूल कुणाचं, तिचं का तुझं? त्या बाईला सांग, एवढ्यात मी तिलाच सांभाळते.

अगं, इथे मूल सांभाळायला काही लागत नाही. तुझा नवरा पाच महिन्यांचा होता तेव्हा माझ्या मांडीवर आला. त्याची आई ब्लूमफाँटेनला गोऱ्यांच्या घरी कामाला, माझा भाऊ खाणीत. दहा वर्षांचा होईपर्यंत मी त्याला वाढवला. मला कुणी छदाम दिला नाही आणि मी मागितला नाही. दूध शेजारच्या गाईचं, खेळवायला अख्खं गाव. चांगला उंचापुरा झाला की नाही? डोक्यानं थोडा कमी आहे, पण तो आमच्या भावाचा गुण.

तुला मातेबेल्लो हे नाव आम्ही लग्नाच्या दिवशी दिलं, पोर व्हायच्या दोन वर्षं आधी. तेबेल्लोची आई. खिशांची आई म्हणून दिलं नव्हतं. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. (लिहितेच आहे.)

पोरीला वर पाठवून दे. मलाही घर खायला उठतं. कोंबड्यांशी किती बोलणार?

तुझी,
केनेलवे आत्या

*

मापुत्सोए
रविवार, १८ मे

प्रिय आत्याबाई,

दोन महिने लिहिलं नाही, रागावू नका. तुम्ही पोरीला मागितलंत आणि मला नाही म्हणवेना, हो म्हणवेना. म्हणून गप्प बसले.

आता मात्र गोष्ट गळ्याशी आली आहे. मला तीन नंबरच्या लाइनची सुपरवायझर करायचं म्हणतात. चाळीस मशीनं माझ्या हाताखाली. ऐकून मी तिथल्या तिथे नाचायची बाकी होते. मग घरी येऊन हिशेब केला. सुपरवायझरला सातपर्यंत थांबावं लागतं. आणि मालेसेलीनं याच महिन्यापासून ऐंशीचे दीडशे केले, वर पाच ते सातचे वेगळे. म्हणजे वाढलेला पगार पुरता तिच्या हातात जाणार आणि माझ्या जुन्या पगारातलेही वीस घेऊन जाणार. बढती घेऊन गरीब झालेली मी पहिलीच असेन.

माझ्या शेजारच्या मशीनवरची न्थातुआ मागच्या आठवड्यात नोकरी सोडून गेली. तिला दोन मुलं. म्हणाली, "पगार पुढच्या दारानं येतो आणि तसाच मागच्या दारानं जातो, मी मध्ये उगाच उभी." आता ती घरी आहे. परवा भेटली तेव्हा हसली नाही.

मीही सोडावी का? खरं सांगते, आत्याबाई, मनात लपवून ठेवत नाही. मला ते मशीन आवडतं. चाळीस जणींच्या पायांचा एकदम आवाज होतो तो आवडतो. लाइन कुठे अडकते हे मला लांबून कळतं. नोकरी सोडली तर आम्ही उपाशी मरणार नाही, तेफो आहे. पण मला वाईट वाटेल. आणि पोरीला वर पाठवली तर त्याहून वाईट वाटेल. उत्तर जुलैअखेर द्यायचं आहे.

तुमची,
मातेबेल्लो

*

हा-मोखेले
२७ मे

मातेबेल्लो,

यात एवढं डोकं कसलं शिणवतेस? पोरीला न्ताते लेबोनाच्या बसमध्ये बसव. तो तिला ड्रायव्हरशेजारी बसवून आणेल. तू तुझी चाळीस मशीनं चालव. मी पोर सांभाळते. महिन्याला साबण पाठवलास तर पाठव, नाहीतर तोही नको.

मी तिच्यासाठी बकरीच्या कातड्याचं अंथरूण शिवायला घेतलंय.

तुझी,
केनेलवे आत्या

*

मापुत्सोए
रविवार, १ जून

प्रिय आत्याबाई,

बसा आधी, मग वाचा.

मालेसेलीनं मुलं सांभाळणं बंद केलं. का, तर तिला फॅक्टरीत नोकरी लागली, बटणं लावायची! आमच्या दीडशे दीडशेपेक्षा तिथे जास्त मिळतं आणि नाकं पुसावी लागत नाहीत. काल मला गाठून काय विचारते, "मातेबेल्लो, माझ्या धाकट्याला सांभाळणारी कुणी आहे का गं तुझ्या ओळखीत?" मला हसावं का तिचे केस उपटावे कळेना. शेवटी दोघीही हसलो आणि मग दोघीही रडकुंडीला आलो.

तर मुलं तिच्या धाकट्यासकट अकरा, आया नऊ आणि सांभाळणारी एकही नाही. मी तेबेल्लोचे कपडे धुऊन वाळत टाकले होते, तुमच्याकडे पाठवायला. पण त्याच दिवशी आमच्या मर्तिक मंडळाची मासिक बैठक होती. तुम्हाला माहीत आहे, इथे ज्याला त्याला हप्ता भरावाच लागतो, नाहीतर आपल्याला पुरायला कोण येणार. मंडळाचा पट्ट्यापट्ट्यांचा तंबू, साठ खुर्च्या, तीन पायांच्या तीन कढया, सगळं न्ताते फाकिसींच्या अंगणात असतं. ते खाणीतून निवृत्त झालेले, एकटेच राहतात. बैठकीत मी विचारलं, "हे सामान शनिवारची मयत सोडून बाकी सहा दिवस काय करतं?"

एक म्हातारे म्हणाले, "मेलेल्यांचा तंबू आहे तो, पोरी."

न्ताते फाकिसी म्हणाले, "मेलेल्यांना शनिवारी लागतो. सोमवारी कुणी मेलेला मागायला आला तर देऊन टाकू."

त्यावर एवढा गदारोळ झाला की कोंबड्या अंगणाबाहेर पळाल्या. पण पुढचं ऐका. मंडळात माखोत्सो आणि माथातो या दोघी विधवा बायका आहेत. दोघींचे हप्ते वर्षभर थकलेत आणि दोघींनाही एकच घोर, आपल्याला धड पुरणार कोण. मी म्हटलं, त्यांनी आमची मुलं सातपर्यंत तंबूत सांभाळावीत, आम्ही नऊ जणी त्यांचे हप्ते भरू, मागचे आणि पुढचे, वर महिन्याला थोडी रोकड आणि दोन वेळचं जेवण. नऊ जणींत वाटून आम्हाला जड जात नाही. त्यांची शान राहते. माखोत्सो टुणकन उठून उभी राहिली आणि म्हणाली, "पुरताना मला पितळी कड्यांची पेटी पाहिजे हं!" तिथेच मतं पडली. येत्या शनिवारी मयत नसेल तर तंबू उभा करायचा. मयत आली की शुक्रवारी दुपारी तो जिथे लागेल तिथे जाणार आणि मुलं न्ताते फाकिसींच्या स्वयंपाकघरात.

म्हणून तेबेल्लोला इतक्यात पाठवत नाही. तुम्ही मनातून खट्टू व्हाल, मला माहीत आहे. पण करून तर बघते.

तुमची,
मातेबेल्लो

*

मापुत्सोए
सोमवार, ९ जून

प्रिय आत्याबाई,

घाईत चारच ओळी, न्ताते लेबोना उद्या पहाटे निघतात. मागच्या पत्रात सगळं सविस्तर लिहिलं आहे, परत लिहीत नाही. शनिवारी तंबू उभा राहिला. कढया, खुर्च्या सगळं आलं. ओळीतली माणसं न बोलावता मदतीला धावली. आज सकाळी कामावर जाताना मला रडू आवरेना, पण आता मन हलकं आहे. तेबेल्लोचं डोकं भादरलं, तिला थंडी वाजते, तुमची टोपी घालून ठेवते. आमची काळजी करू नका. आता निभेल.

मातेबेल्लो

*

बुथा-बुथे, बसथांबा
गुरुवार, १२ जून

मातेबेल्लो,

कुठलं मागचं पत्र? मला मेच्या पत्रानंतर एक अक्षर मिळालेलं नाही. काल लेबोना दारात आला, टोपी काढून उभा राहिला. मी विचारलं काय झालं. म्हणाला, "आत्या, मी काय सांगू, पत्र तुमच्या हातात आहे. मी एवढंच पाहिलं की तुमच्या सुनेच्या ओळीत तंबू आहे आणि पोरीचं डोकं भादरलंय." बाप गेला की पोरीचं डोकं भादरतात, हे मला सांगायला नको.

माझ्या तेफोला तुम्ही शनिवारी पुरलंत. मला न बोलावता. त्याचं तोंडही मला पाहू दिलं नाही.

इथे पुढची बस उद्या सकाळी आहे. ऐन हिवाळा, बर्फ पडतंय. मयताच्या जेवणाला गावानं एक मेंढी दिली आहे, ती माझ्या पायाशी बांधली आहे. हे पत्र एका भाजीच्या ट्रकवाल्याला देते, तो रातोरात मापुत्सोएला जातो म्हणतो. मी यायच्या आत तुला कळावं की मी येते आहे. थडग्यावरची माती कुणाला सारखी करू देऊ नकोस, ती मी करीन.

तुला एक सांगते, आता लपवून काय करायचं. मी तेवीस वर्षांची होते. मिशनच्या विणकाम शाळेत मला जागा मिळाली होती. दोन वर्षं शिकायचं आणि मग तिथेच पगारावर गालिचे विणायचे. माझी पेटी भरलेली होती. भाऊ पोराला घेऊन आला आणि म्हणाला, तू घरीच असतेस ना. मी घरी नव्हते गं, मी निघाले होते. पण पोरानं माझं बोट धरलं आणि मी पेटी रिकामी केली. माझ्या जागी दुसरी मुलगी गेली, ती अजून तिथे आहे, तिचे गालिचे परदेशात जातात. मी कुणाला बोलले नाही, तेफोलाही नाही. त्याला वाटायला नको होतं की तो मला महाग पडला. तो मला महागच पडला. पण माझा तेवढाच एक मुलगा होता.

केनेलवे

*

हा-मोखेले
रविवार, २२ जून

मातेबेल्लो,

पोचले. मेंढीही पोचली. गावात हसून हसून लोकांची पोटं दुखताहेत. काल पाणी भरायला गेले तर पाटलाची बायको विचारते, "केनेलवे, पुढच्या मयतीला कधी निघायचं?" मी तिला सांगितलं, तुझ्याच.

तू फॅक्टरीतून येईपर्यंत काय झालं ते तुला न्ताते फाकिसीनं मीठमसाला लावून सांगितलं असेल. खरं काय ते माझ्याकडून ऐक. मी काळी शाल डोक्यावर घेऊन, मेंढी ओढत, लांबूनच हंबरडा फोडत आले. तंबूचं दार बाजूला केलं आणि मयताचं भजन धरलं. आत टकली पोरं पापाच्या ताटल्या घेऊन बसलेली. त्यांना वाटलं, ही नवीन गाणं शिकवायला आली. लागली टाळ्या वाजवायला! मधूनच आपली तेबेल्लो उठली आणि माझ्या मेंढीच्या गळ्यात पडली. मी म्हटलं, हिला बापाचं काहीच कसं नाही?

तेवढ्यात तो फाकिसी आला. पाठीवर ब्लँकेटमध्ये बांधलेलं एक बाळ, हातात पळी. एवढा मोठा खाणकामगार बाप्या! मी ओरडले, "माझा तेफो कुठे पुरलात?"

तो म्हणाला, "वेल्कमला आहे, खाणीत. जिवंत. तुम्ही जरा हळू बोला, दोघं आत्ताच झोपलीत."

मी तिथेच खाली बसले. त्या दोघी बायकांनी मला पाणी दिलं. डोकी का भादरली विचारलं तर म्हणे, "उवा हो, मालेसेलीच्या खोलीतल्या." उवा! मी उवांसाठी डोंगर उतरून आले. मग मी किती वेळ हसले आणि किती वेळ रडले ते आठवत नाही. मेंढी कापायचं नाव काढलं तर पोरांनी आधीच तिचं बारसं केलेलं. मग कापणार कशी?

लेबोनाची मी चांगली खरडपट्टी काढली. तुझं ते मागचं पत्र त्याच्या दुसऱ्या कोटाच्या खिशात निघालं. त्याची बायको कोट धुवायला घेत होती. ते मी आता वाचलं. हुशार आहेस.

पण एक सांगते. मी तीन दिवस तिथे बसून पाहिलं. बायका चांगल्या आहेत, पापा पातळ करतात. तंबू मात्र थंडीपुरता ठीक आहे. ऑगस्टचे वारे सुटले की तो राहायचा नाही. तेव्हा हट्ट करू नकोस, पोरीला माझ्याकडे पाठव. अंथरूण तयार आहे.

तुझी,
केनेलवे आत्या

*

मापुत्सोए
रविवार, २० जुलै

प्रिय आत्याबाई,

तुम्ही म्हणालात तसंच झालं, आणि तेही महिनाभर आधी. मंगळवारी असा वारा सुटला की तंबूची एक बाजू वरपासून खालपर्यंत फाटली. कुणाला लागलं नाही. मुलं आता न्ताते फाकिसींच्या स्वयंपाकघरात कोंबलेली असतात, अकरा मुलं आणि पेटती चूल. माखोत्सोचा जीव सारखा टांगणीला. दोन जणींनी बुधवारपासून घरी राहायला सुरुवात केली. मंडळाचे म्हातारे म्हणतात, आम्ही सांगितलं होतं. नवीन तंबूला पैसे नाहीत.

मी हरले म्हणा. तेबेल्लोची पिशवी भरली, न्ताते लेबोनांना सांगून ठेवलं, आणि काल शनिवारी तिला बसमध्ये बसवणार होते. परवा संध्याकाळी दुकानदारानं मला एक पत्र दिलं, शाई फुटलेलं, कोपऱ्याला टोमॅटोचा डाग. तुमचं बुथा-बुथेहून लिहिलेलं. तो ट्रकवाला ते दुकानात टाकून गेला होता, साबणांच्या खोक्यामागे पडलं होतं.

मी ते वाचलं. तेफो घरी आला होता, त्यानंही वाचलं. दोनदा. मग उठून बाहेर गेला आणि अंधार पडेपर्यंत लाकडं फोडत बसला. आत आल्यावर एवढंच म्हणाला, "मला कुणी सांगितलं नाही." त्याला तुमच्याबद्दल जे वाटतं ते त्याला बोलता येत नाही. मी लिहिते आहे, तो शेजारी बसला आहे.

पिशवी मी रिकामी केली नाही आणि पोरीला बसमध्ये बसवलंही नाही. आता माझं काय ते तुम्हीच ठरवा, पण खरं बोला. मार्चपासून तुम्ही म्हणताय की तिथे काही लागत नाही. तुम्हाला ती खरंच हवी आहे का, की दर वेळी तुम्हीच पुढे होता म्हणून याही वेळी झालात? तुम्ही हो म्हणालात तर शनिवारी पाठवीन आणि मनात काही ठेवणार नाही. सहीचा दिवस ३१ तारीख आहे.

तुमची,
मातेबेल्लो

*

हा-मोखेले
शुक्रवार, २५ जुलै

मातेबेल्लो,

ते पत्र तुला मिळायला नको होतं. मिळालं तर मिळालं. त्या ट्रकवाल्याला मी तीन मालोती दिले होते, ते तेवढे वसूल कर.

आता खरं विचारलंस म्हणून खरं सांगते. हवी आहे. तेफो दहाव्या वर्षी इथून गेल्यापासून माझी मांडी रिकामी आहे आणि ते मला फार जाणवतं. त्या तीन दिवसांत ती माझ्या कुशीत झोपली, मला वाटलं हिला शालीत गुंडाळून पळून जावं. पण रोज संध्याकाळी पाचचा भोंगा झाला की ती तंबूच्या दाराशी जाऊन उभी राहायची. कुणी सांगावं लागायचं नाही. तू दिसलीस की मेंढीलाही विसरायची आणि मलाही. मला राग आला होता, कबूल करते. तेफो असा कुणासाठी दारात उभा राहिला नाही, कारण त्याला ठाऊकच नव्हतं कुणी यायचं आहे.

तेव्हा पाठवू नकोस. आणि मी तुझ्यावर उपकार करते आहे असं समजू नकोस. मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं, हवं की नको. तू पहिली. विचारल्यावर माझ्या लक्षात आलं की मला दोन्ही उत्तरं देता येतात. हे बरं वाटलं. चार दिवस मी याच गोष्टीवर खूश आहे.

तेफोला सांग, लाकडं बेताची फोड. मी महाग पडला म्हटलं, नको होता असं म्हटलं नाही. माणूस महागाची वस्तूच जपून वापरतो. दिवाळखोर झाले नाही मी, दिसतेय ना चांगली ठणठणीत?

आता तंबूचं. मला खरंच तुमचं नवल वाटतं. दिवसभर जाड कापड शिवणाऱ्या नऊ बायका, आणि फाटलेल्या तंबूकडे बघत हात बांधून बसता? देवानं तुम्हाला सुया कशाला दिल्या? फॅक्टरीत वाया गेलेल्या कापडाचे ढीग पडलेले असतात, तूच लिहिलं होतंस कधीतरी. मागून घ्या, चोरून नाही. मंडळाच्या म्हाताऱ्यांना विचारू नका, ते हरकत घ्यायलाच जन्मले आहेत.

सही कर.

केनेलवे आत्या

*

मापुत्सोए
रविवार, १० ऑगस्ट

प्रिय आत्याबाई,

केली. ३१ तारखेला, जेवणाच्या सुट्टीत.

तुकड्यांचं साहेबांना विचारलं, त्यांनी दोन पोती उचलून न्या म्हटलं. गेल्या रविवारी आम्ही नऊ जणी आणि घरी बसलेली न्थातुआ न्ताते फाकिसींच्या अंगणात बसलो. फाटलेल्या बाजूला दुहेरी निळी जीन्स लावली, दोन्ही शिवणी पिवळ्या दोऱ्याच्या, आम्ही पँटला घालतो तशाच. मालेसेलीनं सवयीनं दोन बटणंही लावली. काल त्याच तंबूत एका म्हाताऱ्यांची मयत झाली. मंडळाचे लोक म्हणाले, जीन्सच्या तंबूत माणसाला निरोप देणं शोभतं का? त्या म्हाताऱ्यांची बायको म्हणाली, "वारा आला नाही आत, एवढं पुष्कळ झालं." न्थातुआ सोमवारपासून कामावर येते. तिची दोन धरून तंबूत आता तेरा झाली.

तुमची,
मातेबेल्लो

*

हा-मोखेले
रविवार, २४ ऑगस्ट

मातेबेल्लो,

चाळीस मशीनांच्या मालकिणीला नमस्कार. फार ओरडत जाऊ नकोस त्यांच्यावर. ओरडायचं असेल तर खिसे वाकडे लावणारीवर ओरड.

इकडची एक गंमत. आमच्या शाळेत नवीन मास्तरीण आली आहे, खालच्या मुलखातली, सहा महिन्यांचं बाळ. नवरा मासेरूला. बाळ पाठीला बांधून फळ्यावर लिहिते, ते रडलं की अख्खा वर्ग त्याला झोपवतो. परवा ती माझ्याकडे आली. हातात साखरेची पुडी. म्हणाली, "आत्या, दिवसभर याला तुमच्याकडे ठेवलं तर? तुम्हालाही सोबत होईल."

बाळ गुबगुबीत आहे. मी त्याला घेतलं. हो म्हणायला तोंड उघडलं. आणि तोंडातून काय निघालं सांगू? मी म्हटलं, "महिन्याला साठ मालोती. शनिवार-रविवार सुट्टी."

ती चपापली. मीही चपापले. मला वाटलं, आता ही साखर उचलून निघून जाणार आणि गावभर सांगणार की केनेलवे म्हातारपणी लोभी झाली. ती थोडा वेळ बोटांवर काहीतरी मोजत उभी राहिली. मग म्हणाली, "पन्नासला परवडेल, आत्या. पन्नासात माझी नोकरी टिकते." मी पन्नासला हो म्हटलं आणि साखर ठेवून घेतली.

काल तिनं पहिल्या महिन्याचे आगाऊ दिले. मी साठीची झाले. आयुष्यात पोरं सांभाळल्याचे माझ्या हातावर पडलेले हे पहिले पैसे. ते घेऊन मी दारात बसले आणि बाळ माझ्या मांडीवर झोपलं होतं म्हणून मला उठून कुणाला सांगायलाही जाता येईना, तेव्हा तुला लिहिते आहे.

तुझी,
केनेलवे आत्या